काळं फूल, मागे ऊन

निखळ काळा, एकही डाग नसलेला ट्युलिप फुलवणाऱ्याला हारलेमच्या बागायतदार मंडळाने एक लाख गिल्डरचं बक्षीस जाहीर केलं, ही गोष्ट अलेक्झांद्र द्यूमाने १८५० मध्ये रचली. कादंबरीचं नावच 'काळा ट्युलिप'. काळ १६७२चा, म्हणजे हेगमध्ये जमावाने योहान आणि कोर्नेलिस या द विट बंधूंना ठार मारलं त्या सालचा. तेवढा भाग इतिहासातला, आणि भीषण. पुढचं सगळं द्यूमाचं : फुलांपलीकडे जगात काही आहे याची दखलही न घेणारा कोर्नेलियस, त्याच्या वाफ्यांवर दुर्बिणीतून नजर ठेवणारा मत्सरी शेजारी, तुरुंगाच्या पहारेकऱ्याची मुलगी रोझा आणि तिने मडक्यात जपलेला तो कंद. वाचायला झकास आहे. बागकामाच्या दृष्टीने मात्र द्यूमाने फारच घाई केली आहे. ट्युलिपचं बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि ते फूल पसंत पडलंच तर विकण्याइतके कंद तयार व्हायला आणखी दहापंधरा. कादंबरीला एवढा वेळ नसतो.

मी हारलेमजवळ राहते. इथे एप्रिलच्या बाजारात 'तो काळा ट्युलिप कुठला?' असं विचारणारा पाहुणा हमखास भेटतो. फूलवाला न हसता गर्द जांभळ्या फुलांची जुडी पुढे करतो. त्यात फसवणूक काही नाही, कारण त्याच्याकडे दुसरं द्यायला काही नसतं. काळा ट्युलिप अजून झालेला नाही. दर पिढीत कुणीतरी 'झाला' असं सांगतं. १८९१ मध्ये हारलेमच्याच ई. एच. क्रेलाख या पेढीने 'ला ट्युलिप न्वार' बाजारात आणला, द्यूमाचं नाव सरळ उचलून. १९३७ मध्ये 'ब्लॅक पॅरट' आला, १९४४ मध्ये 'क्वीन ऑफ नाइट'. १९८६ मध्ये उत्तर हॉलंडमधल्या गेर्ट हागेमान यांच्या काळ्या ट्युलिपची बातमी जगभर गेली. हल्लीच्या कॅटलॉगांत 'पॉल शेरर' सर्वांत काळा म्हणून मिरवतो. हे सगळे ओळीने लावले आणि त्यांच्यामागे सूर्य असताना बघितले, तर एकही काळा ठरत नाही. कुणी वांगी, कुणी जांभळा, कुणी करवंदी.

याचं कारण पाकळीच्या रचनेत आहे. ट्युलिपची पाकळी आडवी चिरून भिंगाखाली धरली की रंग फक्त वरच्या आणि खालच्या कातडीत दिसतो. मधला मांसल थर बिनरंगी असतो. कातडीतल्या पेशींमध्ये अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं पाण्यात विरघळलेली असतात. गर्द वाणांत त्यांतली डेल्फिनिडिन आणि सायनिडिन ही दोन इतकी दाट भरलेली असतात की पाकळीवर पडलेला बहुतेक उजेड तिथेच गिळला जातो आणि डोळ्यांपर्यंत फार थोडा परततो. मेंदू त्याला काळा म्हणतो. पण उजेड समोरून न येता पाकळीच्या आरपार आला, की त्याच रंगद्रव्यांचा जांभळा-तांबडा पेटून उठतो. 'क्वीन ऑफ नाइट'ची आणखी एक गंमत आहे. तिच्या पाकळीच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म समांतर वळ्या असतात, आणि त्यांच्यावर उजेड फुटून एक निळसर झाक उठते. पाकळीला जी रेशमी चमक दिसते तिचा काही भाग रंगाचा नसून या वळ्यांचा असतो. केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या वळ्यांचा अभ्यास केला आहे. भुंग्यांना ही झाक ओळखायला शिकवता येतं, असंही त्यांनी दाखवलं.

म्हणजे काळेपणा हा वरवरचा लेप आहे. खाली पांढरं किंवा पिवळं अंग असतं. हे मी प्रयोगशाळेच्या भाषेत सांगितलं, पण माळ्यांना ते चारशे वर्षांपासून ठाऊक आहे, कारण एक रोग तो लेप खरवडून दाखवतो.

सतराव्या शतकात ज्या ट्युलिपांपायी हॉलंडची माणसं वेडी झाली, ती फुलं रेघांची होती. पांढऱ्यावर लाल ज्वाळा, पिवळ्यावर तपकिरी पिसारा. वर्षानुवर्षं एकरंगी फुलणारा कंद एखाद्या वसंतात अचानक 'फुटायचा', म्हणजे त्याचा रंग फाटून खालची जमीन दिसू लागायची. लायडनच्या बागेत १५९३ पासून ट्युलिप लावणाऱ्या कारोलुस क्लुसियुसने तेव्हाच टिपून ठेवलं होतं की असं फूल देखणं होतं खरं, पण कंद मात्र खंगत जातो. कारण कळायला १९२० चं दशक उजाडलं. इंग्लंडच्या जॉन इनेस संस्थेत डोरोथी केली यांनी फुटलेल्या कंदाचा तुकडा निरोगी कंदात बसवून हा आजार एकातून दुसऱ्यात जातो हे दाखवलं. तो विषाणू होता, आणि त्याला पसरवणारा होता आपल्या मिरचीवर, कोबीवरही बसणारा मावा. विषाणूमुळे पाकळीत अँथोसायनिन जागोजागी तयारच होत नाही. जिथे होत नाही तिथे खालचा पांढरा किंवा पिवळा उघडा पडतो. याच रेघांच्या फुलांपायी कंदांचे सौदे चढत गेले, आणि १६३७ च्या फेब्रुवारीत हारलेमच्या लिलावात खरेदीदार फिरकले नाहीत आणि बाजार कोसळला. त्या सौद्यांच्या गोष्टी इतक्यांदा सांगून झाल्या आहेत की मी त्या सोडते.

हे रोगट सौंदर्य मुद्दाम जपणारी मंडळी अजून आहेत. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये १८३६ साली स्थापन झालेली 'वेकफिल्ड अँड नॉर्थ ऑफ इंग्लंड ट्युलिप सोसायटी' दर वसंतात प्रदर्शन भरवते. फुलं मांडली जातात बिअरच्या तपकिरी बाटल्यांत. त्यांची वर्गवारी जमिनीच्या रंगावर ठरते. पिवळ्या जमिनीवरचे ते 'बिझार', पांढऱ्यावर जांभळे-काळे ते 'बायब्लूमन', पांढऱ्यावर लाल-गुलाबी ते 'रोझ'. न फुटलेल्या एकरंगी फुलाला म्हणायचं 'ब्रीडर'. गर्द ब्रीडर हातात घेऊन तिथला जाणकार आधी आतला तळ बघतो, कारण पुढेमागे तो फुटला तर कोणती जमीन वर येणार ते तळच सांगतो. वर काळा, पण त्याला तो पांढरा म्हणून ओळखतो किंवा पिवळा म्हणून. मला ही नजर फार आवडते. घरच्या बागेत मात्र तिचा उपयोग उलटा करायचा. गर्द फुलावर अचानक फिकट पट्टे दिसले तर कौतुक न करता ते रोप कंदासकट उपटून कचऱ्यात टाकायचं, नाहीतर मावा ते शेजारच्या प्रत्येक रोपाला पोचवतो.

'क्वीन ऑफ नाइट'च्या नावापुढे येणारं साल १९४४ आहे, हे वर सांगितलं. वाण लिसेच्या ग्रुलेमान्स या पेढीचा. देशावर जर्मनांचा ताबा होता. ब्रिटन-अमेरिकेला होणारी कंदांची निर्यात १९४० पासून बंद, गोदामं न विकलेल्या मालाने भरलेली. १९४४ च्या सप्टेंबरात डच रेल्वे कामगारांनी दोस्त राष्ट्रांच्या बाजूने संप केला. त्याची शिक्षा म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांचा अन्नपुरवठा रोखला. पुढे कालवे गोठले आणि बोटीही थांबल्या. डच लोक त्या महिन्यांना 'भुकेचा हिवाळा' म्हणतात. वीस हजारांहून जास्त माणसं मेली. तेव्हा ट्युलिपचे कंद खाल्ले गेले. साल काढायची, कंद उभा चिरायचा, मधला पिवळा कोंब टाकून द्यायचा कारण तो बाधतो, आणि उरलेलं बटाट्यासारखं उकडायचं. कुणी सूप केलं, कुणी वाळवून पीठ करून पावात घातलं. कंदात पिष्ट भरपूर असतं, म्हणून जीव तगले. कंद कसे शिजवावेत याची पत्रकंही तेव्हा वाटली गेली. जगातली सर्वांत खपाऊ काळी ट्युलिप त्या सालची आहे याला योगायोगापेक्षा मोठं नाव मी देणार नाही. मात्र दर नोव्हेंबरला तिचे कंद मातीत ठेवताना तो हिवाळा आठवतोच.

कंद ठेवायचा महिना नोव्हेंबर, म्हणजे आपल्याकडे फराळाचे डबे रिकामे होत असतात तेव्हाचा. डॅफोडिल सप्टेंबरात लावतात, ट्युलिपला घाई चालत नाही. माती थंड झालेली हवी. उबदार ओल्या मातीत ट्युलिपचा करपा पसरवणारी बुरशी जागी असते. तिचं शास्त्रीय नाव 'बॉट्रायटिस ट्युलिपे', आणि तिच्या काळ्या बारीक गाठी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. वसंतात पानं मुरडलेली आणि होरपळल्यासारखी वर आली तर समजायचं की ती आली. गर्द फुलांवर ती लगेच कळते, कारण पाकळीवर फिकट, रंग उडाल्यासारखे ठिपके पडतात. औषधापेक्षा उपाय साधा आहे. आजारी रोप लगेच काढा आणि त्या जागी दोनतीन वर्षं ट्युलिप लावू नका. शेतकरी याहून जास्त वर्षांची फेरपालट करतात.

खोली पंधरा ते वीस सेंटिमीटर. कंदाच्या उंचीच्या तिप्पट असं कोष्टक पाकिटावर असतं, पण गर्द उशिरा फुलणारे वाण मी त्याहून थोडे खोलच लावते. खोल कंद उगाच बारीक पिल्लांत विभागत नाही, आणि उंदीरही तेवढा खाली सहसा उकरत नाही. निचरा हवाच. हारलेमपासून लिसे-हिलेगोमपर्यंतचा पट्टा या पिकासाठी नावाजला तो समुद्राच्या वाळूमुळे. वाळूच्या टेकड्यांमागची ही सपाट जमीन चुनखडीयुक्त आणि हलकी आहे. तिच्याखालच्या पाण्याची पातळी कालवे आणि पंपांनी जमिनीखाली सुमारे साठ सेंटिमीटरवर धरून ठेवतात. मुळांना पाणी मिळतं, पण कंद भिजत राहत नाही. माझ्याकडे कालव्यालगतची चिकण आहे, म्हणून वाफा उंच करून त्यात भरड वाळू मिसळावी लागते. ताजं शेणखत कंदाजवळ घालायचं नाही, त्याने कूज येते. लावण्याआधी कंद नाकाशी धरायचा. आंबूस वास आला किंवा दाबल्यावर मऊ लागला तर तो फ्युझेरियम या बुरशीने पोखरलेला आहे. असा एक कंद पिशवीत राहिला तरी त्यातून सुटणारा इथिलीन वायू शेजारच्या कंदांमधल्या कळ्या आतल्या आत मारतो. फूल का आलं नाही ते मग मेपर्यंत कळत नाही. कंद हाताळताना बोटांना खाज सुटली तर हातमोजे घाला. कंदांच्या गोदामातले कामगार याला 'ट्युलिपची बोटं' म्हणतात.

थंडी हा ट्युलिपचा खरा खुराक. कळी उन्हाळ्यात, कोरड्या कंदाच्या पोटातच तयार होते. पण तिचा देठ लांबावा यासाठी कंदाला साधारण बारा ते सोळा आठवडे नऊ अंशांखालचा गारवा लागतो. तो मिळाला नाही तर फूल जमिनीलगत, पानांच्या बेचक्यात अडकून उमलतं.

आता मूळ प्रश्न : लावायचे कुठे? बहुतेक घरांत गर्द ट्युलिप वाया जातात ते इथे. माणसं काळ्या मातीवर, विटांच्या भिंतीपुढे किंवा सदाहरित कुंपणाच्या सावलीत वीसपंचवीस कंद एकगठ्ठा लावतात. मग मेमध्ये दहा पावलांवरून तिथे फुलं आहेत हेसुद्धा कळत नाही. नुसता एक खड्डा दिसतो. संक्रांतीची चंद्रकळा उठून दिसते ती काठामुळे, तसंच हे आहे. गर्द फुलाला काठ द्यायचा. 'मॉरीन' हा उंच पांढरा वाण 'क्वीन ऑफ नाइट'बरोबरच फुलतो. 'स्प्रिंग ग्रीन' हा हिरव्या पट्ट्यांचा फिकट वाणही तिच्या वेळेला येतो. खाली 'विसरू नका' म्हणणारी निळी मायोसोटिस दाट पसरवली की जमिनीची काळोखी झाकते आणि देठही सुटे दिसतात. युफोर्बियाचा पोपटी रंग मला सर्वांत जुळणारा वाटतो. प्रमाणाबाबत माझं मत पक्कं आहे : तीन फिकट फुलांमागे एक गर्द. निम्मेनिम्मे लावले तर बुद्धिबळाचा पट होतो. गुलाबी वाणांबरोबर गर्द जांभळा लावायची सध्या फॅशन आहे. छायाचित्रात ते छान दिसतं, बागेत मात्र गुलाबी रंग मळकट होतो.

यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे सूर्य. बसायच्या जागेवरून बघताना फुलं आपल्या आणि मावळतीच्या मध्ये आली पाहिजेत. दिवसभर काळी म्हणून मिरवणारी ती फुलं संध्याकाळी तासभर माणकासारखी पेटतात. त्या तासासाठीच ती लावायची. माझे शेजारी आयुष्यभर कंदांच्या शेतावर काम केलेले आजोबा आहेत. त्यांना एकदा मी विचारलं होतं, ''आजोबा, ह्याला काळा म्हणायचं की नाही?'' ते म्हणाले, ''ढग आले की म्हण. ऊन आलं की नको म्हणूस.'' मग कुंपणावरून वाकून माझ्या वाफ्याकडे बघत पुढे म्हणाले, ''तू ते पूर्वेच्या भिंतीला लावलेस. सकाळी सातला उठून बघणार आहेस का?'' मी उठत नाही, हे त्यांना माहीत होतं. पुढच्या हंगामात वाफा हलला.

तसंच ऊन सोसायचंही असतं. गर्द पाकळ्या उष्णता जास्त शोषतात. मे महिना तापला तर त्यांच्या कडा आधी सुकतात. भर दुपारी थोडी सावली देणारं झाड असेल तर फुलं काही दिवस जास्त टिकतात. 'ब्लॅक पॅरट'च्या झालरीदार पाकळ्यांत पावसाचं पाणी साठतं आणि मान मोडते, म्हणून तो आडोशाला. 'ब्लॅक हीरो' ही 'क्वीन ऑफ नाइट'चीच दुहेरी पाकळ्यांची बहीण. ती फुलदाणीत जास्त शोभते. कापून आणलेला ट्युलिप पाण्यातही वाढत राहतो आणि उजेडाकडे वळतो. सकाळी सरळ मांडलेली फुलं संध्याकाळी खिडकीकडे झुकलेली दिसली तर घाबरायचं कारण नाही.

फूल सरलं की बोंड खुडायचं, पानांना हात लावायचा नाही. पिवळी पडेपर्यंत साधारण सहा आठवडे ती कुरूप दिसतात. ते सोसावं लागतं, कारण पुढचा कंद त्या पानांवरच पोसला जातो. पुढचा हा शब्द इथे नेमका आहे. जूनमध्ये उकरून पाहिलं की नोव्हेंबरात लावलेला कंद सापडत नाही, त्याची तपकिरी साल तेवढी उरलेली असते. त्या जागी एक मोठा आणि दोनतीन लहान, सगळे नवे. पाकिटात 'बहुवर्षायू' म्हणून मिळणारं हे झाड दर वर्षी संपतं आणि दर वर्षी आपली जागा घेणारं दुसरं मागे ठेवतं. शेतात हीच गोष्ट लाखोंनी होते. हॉलंडच्या रंगीत पट्ट्यांच्या फोटोंतली शेतं फुलांसाठी नसतातच. वाण शुद्ध आहे ना, विषाणू नाही ना, एवढं पाहून झालं की यंत्राने फुलं छाटून टाकतात, म्हणजे सगळी ताकद कंदात उतरते. १९५० पासून वसंतात लोकांसाठी उघडणाऱ्या लिसेच्या कोकेनहॉफ बागेत दर वर्षी सुमारे सत्तर लाख कंद नव्याने लावले जातात. हंगाम संपला की ते सगळे निघतात. मराठी माणसाला ती बाग 'सिलसिला' या हिंदी चित्रपटामुळे तिचं नाव कळण्याआधीपासून ओळखीची आहे.

आता श्रीनगरही आहे. झबरवानच्या पायथ्याशी, दल सरोवराजवळची तिथली ट्युलिप बाग मार्चअखेर ते एप्रिल महिनाभर उघडी असते. आपल्याकडच्या सहल कंपन्यांनी त्याभोवती वेळापत्रकं बांधली आहेत. गर्द वाण बघायचे असतील तर एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्याचं बुकिंग करा. काळे वाण बहुतेक उशिरा फुलणाऱ्या गटातले असतात, आणि पहिल्या आठवड्यात जाणाऱ्यांना लाल-पिवळेच जास्त भेटतात. काश्मीरला ट्युलिप काही नेदरलंड्सने शिकवलेला नाही. तिथल्या रानात तो आधीपासून आहे, मातीच्या जुन्या छपरांवरही उगवतो, आणि जहांगीरच्या चित्रकार मन्सूरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तांबड्या ट्युलिपचं चित्र काढून ठेवलं आहे. तो तांबडा. काळ्याचा नाद युरोपचा.

पुण्या-नाशिकच्या गच्चीवर हे जमेल का, असं बहीण दर वर्षी फोनवर विचारते. एका हंगामापुरतं जमतं. आधीच थंडाव्यात ठेवलेले कंद मागवायचे. ते मिळाले नाहीत तर कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन महिने ठेवायचे. त्या कप्प्यात सफरचंदं आणि केळी ठेवायची नाहीत, त्यांतूनही तोच इथिलीन सुटतो. डिसेंबरअखेर कुंडीत लावायचे, दुपारी सावली, रात्री उघड्यावर. देठ इथल्यापेक्षा आखूड राहील, फूल आठवडाभर टिकेल. उरलेला कंद पुढच्या वर्षासाठी जपण्यात अर्थ नाही, निशिगंधासारखा तो तिथल्या मातीत रुळत नाही. आणि गच्चीवर कुंडी ठेवताना पश्चिमेचा कठडा निवडायचा, पाण्याची टाकी आड येणार नाही असा.